मॅनसचं मशीन आणि फेलिमची मेंढी

आयर्लंडमधल्या डोनेगलच्या आमच्या डोंगरात कुठली मेंढी गाभण आणि कुठली भाकड, हे माझा धाकटा भाऊ मॅनस सांगतो. हिवाळाभर गाडीत सोनोग्राफीचं मशीन टाकून वाड्यावाड्यांवर हिंडतो, पिंजऱ्याला लागून ठेंगण्या खुर्चीत बसतो, मेंढीच्या पोटाखाली दांडी टेकवतो आणि पडद्याकडे बघत ओरडतो, "एक! जुळं! भाकड!" मालक तिच्या पाठीवर रंग फवारतो. भाकडीला लाल, आणि लाल म्हणजे कत्तलखाना. याचं मॅनसला कधी काही वाटलं नव्हतं.

त्या वर्षी मे महिन्यात गर्भपाताला कायद्याने मोकळीक द्यायची का, यावर देशभर मतदान होतं. मॅनस 'नाही'वाला, खांबाखांबावर फलक बांधत फिरायचा. गावच्या 'नाही'वाल्या समितीचा म्होरक्या फेलिम मॅकग्रोर्टी, म्हणजे मॅनसचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. आमच्या रस्त्यावर 'होय'वाल्या एकट्या स्वीनीबाई. आम्हा दोघांनाही त्यांनीच शाळेत शिकवलेलं. बाई मांसाला शिवत नाहीत आणि म्हातारी गाढवं पाळतात. फलक बांधताना त्यांच्या फाटकाशी रोज जुंपायची.

"काय रे, पडद्यावर ठोका दिसला की जीव कळवळतो म्हणे तुझा. मग त्या लाल पाठींचं काय?"

"बाई, गोगलगाय चिरडली तर तुम्हाला घास जात नाही. माणसाच्या पोराचं मात्र तुम्हाला काहीच नाही!"

मला दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही राग यायचा. मी कुठल्या बाजूला मत दिलं ते नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही.

मतदानाच्या आठवड्यात फेलिमचा निरोप आला, मशीन घेऊन लगेच ये. मला वाटेत दुकानापाशी सोडायचं होतं, म्हणून मीही गाडीत होते. फेलिमच्या दारात ट्रक उभा. लाल पाठीच्या मेंढ्या चढवल्या होत्या, पण एकीचं पोट पाहून ड्रायव्हर अडून बसला होता. दिवस भरत आलेली मेंढी न्यायची नाही असा नियम आहे. मशीनवाला भाकड म्हणाला तरच नेईन, म्हणे.

मॅनसने दांडी टेकवली. पडद्यावर जुळं. हिवाळ्यात त्यानेच तिला भाकड ठरवलं होतं. मेंढा कुंपणावरून उडी मारून उशिरा आला असणार, तेव्हा काही दिसलंच नसेल.

"कास गेलीय तिची, दूध काय मी पाजू?" फेलिम म्हणाला. "तेव्हा भाकड म्हणालास ना? आता परत म्हण, संपलं."

"दोन आहेत, फेलिम. दोन्ही ठोके चालू आहेत."

"अरे, मेंढी आहे ती!"

"मेंढीच आहे, मला दिसतंय ना."

"मग काल चर्चच्या दारात केलेलं भाषण इथे कशाला लावतोस? ते माणसांचं होतं."

ड्रायव्हर वाट बघत होता. डोंगरातल्या निम्म्या वाड्या फेलिमच्या भावकीच्या. मी मनात म्हणत होते, म्हण बाबा भाकड, स्वतःच्या पोटावर पाय देऊ नकोस.

"गाभण," मॅनस म्हणाला.

"मग तूच ने तिला. आणि पुन्हा माझ्या दारात मशीन आणू नकोस."

आमच्याकडे जमीन नाही. मेंढी स्वीनीबाईंच्या फाटकाशी गेली.

"मत बदललं का रे?"

"नाही, बाई."

"माझंही नाही. आण आत."

गोठ्यात त्याने मशीन चालू केलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. "आता बघा तरी." बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिल्या.

"दिसतंय. नाही असं मी कधी म्हटलंच नव्हतं, मॅनस. मी त्या पोरीकडेही बघते, जिच्या पोटात ते असतं."

शुक्रवारी दोघांनी आपापलं मत आपापल्या बाजूला टाकलं. पुढच्या आठवड्यात मेंढी व्यायली, आणि बाई बाटलीने दूध पाजत बसल्या.

हिवाळा आला. फेलिमच्या भावकीने पलीकडच्या खोऱ्यातला मशीनवाला बोलावला. एका दुपारी मॅनसला मटणाचा रस्सा वाढताना माझा संयम सुटला.

"मत बदललं नाहीस, खाणं सोडलं नाहीस, लाल पाठी अजून मोजतोसच. मग त्या एकीसाठी धंदा का घालवलास?"

त्याने पाव मोडला, पण खाल्ला नाही.

"हे सगळं बाईंनीही विचारून झालंय, ताई. पण दोन ठोके डोळ्यांसमोर असताना भाकड म्हणायचं, ते तोंडातून निघेना."