मुराळी आणि च-ची भाषा

आकारामला दोन गोष्टी बेताच्याच जमत. एक बोलणं आणि दुसरं खोटं बोलणं. कुस्ती आणि जेवण मात्र झकास. तासगावकडच्या त्यांच्या वाडीत पोरींनी च-ची भाषा काढली, तेव्हा या दगडाला ती शिकवायचा विडा त्याच्या धाकट्या बहिणीनं, अंजनानं, उचलला. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढं च लावायचा. 'पेरू'चं होई 'चरूपे'. पोरी घडाघडा बोलत. आकारामला 'चरूपे' उलगडेपर्यंत पेरू खाऊन झालेला असे. ही भाषा जगात पहिल्यांदा आपणच काढली, असं पोरींना वाटे. तसं ते प्रत्येक गावच्या पोरींना वाटतं. वाटू द्यावं.

पुढं अंजनाला खंडाळ्याकडं दिली. नवरा पलटणीत, घरात सासू-सासरे. पहिली पोरगी झाली, तिला घेऊन ती सासरी गेली आणि माहेरची वाटच बंद झाली. चौऱ्याहत्तर सालच्या नागपंचमीला आईनं आकारामला मुराळी म्हणून धाडलं. "पोरीला घिऊनच ये," एवढंच ती म्हणाली.

सासरे नाथाजी ओसरीवर बसले होते. सासू धोंडुबाई दोघा भावंडांच्या मधोमध अशी बसली, की वारासुद्धा तिला विचारून गेला असता.

"बरी हायस का?" आकारामनं विचारलं.

"बरी हाय," अंजना म्हणाली. हाडांवर नुसतं लुगडं गुंडाळल्यासारखी ती दिसत होती. मग ती मांडीवरच्या पोरीला जोजवत लाडीगोडीनं बोलू लागली, "चलाम चरत्यातमा गं बाय. चरीघ चने."

धोंडुबाईला वाटलं, लेकराशी बोबडं बोलतीय. आकारामनं चहाची बशी तोंडाला लावली आणि एकेक अक्षर जागेवर बसवलं. मला मारत्यात. घरी ने. बशी तोंडाला तशीच राहिली. चहा कधीच संपला होता.

त्याला नाथाजीला उचलून आपटावंसं वाटलं. ते सहज जमलं असतं. पण मग हिनं आपल्याला सांगितलं, हे त्यांना कळलं असतं आणि त्याचा हिशेब अंजनाच्या पाठीवर निघाला असता. तो भाचीपुढं वाकला, घाम फुटेपर्यंत विचार केला आणि म्हणाला, "चऊभि चकोन." भिऊ नको. साडेसहा फुटी पैलवानाच्या तोंडून ते ऐकून पोरगी रडायला लागली.

"न्यायला आलोय," तो नाथाजींना म्हणाला.

"रानात भांगलणी तुंबल्यात. दिवाळीला बघू. जेवून घ्या."

"जेवत न्हाई."

नाथाजी हसले. आकाराम ओट्यावर येऊन बसला. ताट आलं, त्यानं सरकवलं. पुरणपोळीचं दुसरं ताट आलं, तेही सरकवलं, मात्र त्याकडं बघताना त्याचे डोळे भरून आले. मुराळी उपाशी बसलाय ही बातमी आळीभर झाली. ऐन पंचमीच्या दिवशी पाहुणा उपाशी उठणार, म्हणजे घराची अब्रू वेशीला टांगली जाणार. बायका विस्तव मागायच्या निमित्तानं डोकावू लागल्या. एका म्हाताऱ्यानं तर नाथाजींना तोंडावर विचारलं, "आवं, पीठ सरलं का?"

दिवस कलताना नाथाजी फणकारले, "ने बाबा. पर चार दिसांत आणून घाल."

आकारामनं नुसत्या वहाणा पायात सरकवल्या. खोटं बोलायला न लागता निभावलं. अंजना पोरीला कडेवर घेऊन बाहेर पडली, तिनं गाठोडंही बांधलं नाही.

एस्टी सुटली तसा तो म्हणाला, "आता बोल सरळ. हितं कोण न्हाई त्यांचं."

तिनं तोंड उघडलं. शब्द येईना. दोनदा प्रयत्न केला. मग खिडकीकडं तोंड करून ती हळूहळू च-च्या भाषेत बोलू लागली. डागण्यांचं, कोंडून घातल्याचं, सगळं. शेजारचे प्रवासी बघत राहिले. साताऱ्यापर्यंत ती बोलत होती आणि आकारामला एकही अक्षर दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

ती परत सासरी गेली नाही. लोक विचारत, तिथं काय झालं? ती म्हणे, "काय न्हाई." त्या घराबद्दल ती जन्मभर एका माणसाशीच बोलली, आणि तेही सरळ मराठीत कधीच नाही.