अप्पांची उर्दू आणि आमचे व्याही

आमच्या व्याह्यांच्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही. मत अर्थात त्यांचंच आहे, पण गेल्या उन्हाळ्यापासून मीही त्याला मान डोलावतो, आणि तेही मनापासून. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. उदगीरला त्यांचं डाळींचं दुकान आहे. कपाळावर विभूतीचे पट्टे, खिशाला दोन पेनं, आणि समोर येईल त्या वस्तूकडे संशयानं बघायची सवय. वजनकाट्यावर उभे राहिले आणि आकडा वाढलेला दिसला, तर काटा बिघडलेला असतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तक्त्यावरची खालची ओळ वाचता येईना, तेव्हा "छपाई हलकी हाय, दुसरा तक्ता काढा," असं त्यांनी डॉक्टरांनाच सुनावलं, आणि डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी काढलाही. मुखेडच्या स्टँडवर एकदा ते नांदेडऐवजी देगलूरच्या एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाले, "मी नांदेडलाच निघालोय. गाडी चुकून देगलूरला निघालीय." मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी बोलता बोलता वाटीतल्या वरणात दोनदा मीठ घातलं आणि एक घास खाऊन जाहीर केलं, की हल्ली मीठच खारट यायला लागलंय. ते येणार असं कळलं की माझी बायको आधी घरातली सगळी घड्याळं एकमेकांशी जुळवून ठेवते.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. अप्पा नव्वदीला टेकलेत. निजामाच्या राजवटीत त्यांचं पहिलं शिक्षण उर्दूतून झालं. पुढे सगळा व्यवहार मराठीत आला, पण गोष्टी वाचायच्या त्या उर्दूतच, आणि त्याही जासूसी. नवाबाचा खून, बंद हवेली, सिगारेटच्या थोटकावरून खुनी ओळखणारा इन्स्पेक्टर. तरुणपणी घेतलेली ती पुस्तकं अजून कपाटात आहेत. मात्र मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यातली बारीक अक्षरं त्यांना दिसेनात. ही अडचण ऐकून पुण्याहून माझ्या मुलीनं त्यांच्यासाठी ई-रीडर पाठवला. पाटीएवढं यंत्र, हवी तेवढी मोठी अक्षरं, आणि आत कुठून कुठून शोधून भरलेल्या जुन्या उर्दू कादंबऱ्या.

अप्पांनी चष्मा पुसला, यंत्र मांडीवर घेतलं आणि बराच वेळ बघत बसले. मग उशाशी ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते हातात घेतलं नाही. बायकोनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "अक्षरं ओळखू येतात गं, त्यांचे शब्द होत नाहीत. उर्दू गेली माझी." त्यानंतर त्यांचं बोलणंच कमी झालं. वर्तमानपत्राला हात लावीनात. आज उर्दू गेली, उद्या मराठी जाईल, परवा आपली नावं, अशी भीती त्यांनी मनाशी धरली होती. डॉक्टर म्हणाले, या वयात विस्मरण व्हायचंच. आम्हीही ते मान्य केलं आणि त्यांच्यासमोर हळू आवाजात बोलायला लागलो.

अशात व्याही आले. चहा घेतला, आमचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असल्याचं सांगितलं आणि अप्पांच्या खोलीत गेले. अप्पांनी त्यांनाही तेच सांगितलं. व्याह्यांना उर्दूचं एक अक्षर येत नाही. तरी त्यांनी यंत्र उचललं, आडवं धरलं, उभं धरलं आणि निकाल दिला.

"अप्पा, चूक तुमची न्हाई. ह्ये यंत्र येडं हाय."

"व्याही, तुम्हाला ती भाषा येत नाही," मी म्हणालो.

"सर, तुम्ही गप बसा. उदगीरात जलमभर उर्दू पाट्या बघत आलोय मी. त्या भाषेत अक्षरं एकमेकाचा हात धरून चालतात. ही बघा, रांगेत लांब लांब उभी. भांडण झाल्यागत."

अप्पा म्हणाले, "तुम्ही माझी समजूत काढताय."

"मी कुणाची समजूत काढत न्हाई," व्याही म्हणाले, आणि हे मात्र अक्षरशः खरं होतं. "उठा. चपला घाला."

त्यांनी दारात रिक्षा बोलावली, अप्पांना मधे बसवलं, एका बाजूला ते आणि एका बाजूला मी. रिक्षा जुन्या नांदेडात, जिथे दुकानांवर उर्दू पाट्या आहेत अशा रस्त्याला नेली आणि हळू चालवायला सांगितली. पहिली पाटी आली. व्याही पाटीकडे बोट दाखवून थांबले. अप्पांचे ओठ हलले. "दवाखाना," ते पुटपुटले. "युनानी दवाखाना." व्याह्यांनी रिक्षातून डोकं बाहेर काढून दारातल्या माणसाला विचारलं, "भाईसाब, ये दवाखाना है क्या? युनानी?" तो हो म्हणाला. पुढची पाटी शिंप्याची होती, त्यानंतर अत्तराचं दुकान, मग बिर्याणीचं. व्याही प्रत्येक ठिकाणी खात्री करून घेत होते. रस्ता संपेपर्यंत अप्पांचा आवाज मोठा झाला होता, आणि एका पाटीवर तर त्यांनी रंगाऱ्याची शुद्धलेखनाची चूक काढली. मी दुसरीकडे बघत होतो, कारण माझे डोळे भरून आले होते. व्याही एवढंच म्हणाले, "आता यंत्राकडं बघू."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन विष्णुपुरीला गेले. तिथल्या कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या एक मॅडम माझ्या ओळखीच्या. त्यांनी यंत्र पाहिलं आणि समजावून सांगितलं. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, अरबी, हिब्रूही तशाच. शिवाय उर्दूत शेजारी कोण आहे ते बघून अक्षर आपला आकार बदलतं. आमच्या यंत्रातल्या पुस्तकांवर भाषा आणि दिशा नोंदवलेलीच नव्हती, आणि यंत्राची आतली प्रणालीही जुनी. त्यामुळे ते बापडं मराठीसारखं डावीकडून एकेक सुटं अक्षर मांडत होतं. अप्पा उजवीकडून वाचायला जात, तेव्हा प्रत्येक शब्द त्यांना उलटा भेटत होता.

"म्हंजे येडंच," व्याही म्हणाले.

मॅडमनी प्रणाली अद्ययावत केली, पुस्तकं दुरुस्त करून भरली. अक्षरं जोडली गेली, ओळी उजवीकडून सुरू झाल्या. अप्पांनी पाहिलं आणि म्हणाले, "वाचता येतंय, पण वळण अरबी आहे. आपली उर्दू अशी तिरपी उतरते." व्याही पुन्हा विष्णुपुरीला. या खेपेला उर्दूचा स्वतःचा, नस्तालीक वळणाचा फॉन्ट घालून आणला. आता एकच खोट उरली. पान पुढे न्यायला अप्पा उर्दू पुस्तकांच्या सवयीनं डाव्या कडेला बोट लावत आणि पान मागे जाई, त्यामुळे पहिल्या दिवशी नवाबसाहेब तीनदा मेले. अप्पा म्हणाले, एवढं मी सांभाळून घेईन. व्याह्यांना ते पटलं नाही. तिसरी चक्कर झाली आणि पानंही सरळ झाली. एवढं सगळं होईतो उदगीरचं दुकान भावावर सोपवून ते आमच्याकडे राहिले, आणि आमच्या गीझरमध्ये, कुकरमध्ये आणि पंख्यात एकेक दोष त्यांनी सिद्ध केला. माझ्या बायकोनं त्या दिवसांत त्यांना रोज शेंगापोळी करून घातली.

हल्ली दर रविवारी दुपारी उदगीरहून फोन येतो. अप्पा कॉटवर टेकून बसतात, मी फोन त्यांच्यासमोर धरतो. अप्पा एक पान उर्दूत वाचतात, मग त्याचा मराठीत अर्थ सांगतात. पलीकडून "मग?" येतं, किंवा "त्यो माळी बरोबर वाटत न्हाई मला." पावसाळ्यात दोन दोन प्रकरणं व्हायची. आता पान संपायच्या आधी अप्पांना धाप लागते. ती ऐकू आली की व्याही मधेच म्हणतात, "अप्पा, एवढंच ऱ्हाऊ द्या आज. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय." अप्पा बोट ठेवून ओळ ध्यानात घेतात आणि यंत्र बाजूला ठेवतात. रविवारी ते दुकान बंद असतं, हे मला मुलीकडून कळलेलं आहे. मी अप्पांना सांगितलेलं नाही.