नऊच्या खाली दहा

मॅडमना काहीही सांगितलं की त्या आधी विचारायच्या, "हे तुम्ही तपासलंत, की धरून चाललात?" रिक्षावाला "जागा आहे" म्हणाला तरी त्या आत वाकून बघायच्या.

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. माझा धंदा कळंबोलीत, लोखंडाचा. वेबसाइट करून देणाऱ्यांनी दोनदा गंडवलं, तेव्हा चिडून मीच जावास्क्रिप्ट शिकायला बसलो. घासाघीस तिथेही सुटली नाही. "प्रोग्राम जवळजवळ चालतोय, पास करा की!"

"शेठ, जवळजवळ कापलेली सळई तुमचं गिऱ्हाईक घेतं का?"

त्यांचं एक सांगणं ठरलेलं. "पडद्यावरच्या चौकटीत माणूस काहीही टाइप करो, आपल्याकडे येतात ती अक्षरं. तुलना करण्याआधी त्यांचा आकडा करून घ्या."

आणि नारळीपौर्णिमेला घसरल्या त्याच! कोळीवाड्यात नारळावर नारळ आपटायची स्पर्धा असते. जो जास्त फोडेल, तो सोनेरी नारळ घेऊन खाडीपर्यंत मिरवणुकीच्या पुढे. आपापला आकडा मोबाइलवर टाइप करायचा, निकाल पडद्यावर. ते पान मॅडमनी केलेलं. मी दहा फोडले, कोळीवाड्यातल्या जनार्दनदादाने नऊ. पडद्यावर पहिलं नाव दादाचं!

मी मांडव डोक्यावर घेतला. "शेठ, मशीन खोटा बोलत नाय," म्हणत दादा नारळ घेऊन निघालासुद्धा.

मॅडमनी पान उघडलं आणि कपाळावर हात मारला. तपासताना एक आकडा त्यांनी स्वतःच प्रोग्राममध्ये लिहिला होता. एका बाजूला आकडा असला की जावास्क्रिप्ट दुसऱ्या बाजूचाही आकडा करून घेतं, म्हणून सगळं बरोबर दिसलं. आज दोन्हीकडे टाइप केलेली अक्षरं. मग तुलना पहिल्या अक्षरापासून. दहातल्या पहिल्या एकापेक्षा नऊ मोठा, त्यामुळे दहा खाली!

"मीच धरून चालले!" म्हणून हसत त्या ओढणी खोचून मिरवणुकीमागे धावल्या. बँजो थांबवला. "दादा, चूक माझी. नारळ शेठचा."

"घ्या शेठ," दादा म्हणाला, "आमी नाचाया मोकले!"

पण अर्धा रस्ता संपला होता ना! गेल्या वर्षी मॅडम कायमच्या रत्नागिरीला निघाल्या, तेव्हा एसटीच्या खिडकीशीही मी त्या अर्ध्या मिरवणुकीचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "निकालाचं पान आता तुम्ही सांभाळा. मग भांडा."

या नारळीपौर्णिमेला त्यांचा मेसेज आला. "आकडे करून घेतलेत?"

"हो."

"हे मी धरून चालू?"

मुकाट्याने नऊ आणि दहा टाइप करून पडद्याचा फोटो पाठवला. दहा वर होता.

"चला, तुमच्या अर्ध्या मिरवणुकीचं देणं फिटलं."

"अजिबात नाही," मी लिहिलं. "पुढच्या वर्षी येऊन खाडीपर्यंत सोबत चाला. मग बघू."