अर्थिंग नसलेलं घर

वायरमनला सगळे तीनपिन्या म्हणत. अर्थिंगशिवाय त्यानं कुणाच्या घरी इन्व्हर्टर जोडला नव्हता. त्यापायी कित्येक गिऱ्हाइकं तोंड फिरवून गेली, तरी गडी आपला हेका सोडीना.

आज मात्र इन्व्हर्टर त्याच्या ताईचा होता. दाजींचा श्वास मशीनवर चालायचा, आणि वीज तर रोजच जायची. त्यानं भिंतीतला सॉकेट उघडला. अर्थिंगच्या तिसऱ्या भोकामागं तारच नव्हती.

"ताई, हे भोक नुसतं शोभेचं आहे गं. करंट इन्व्हर्टरच्या डब्यात उतरला तर हात लावताच झटका बसेल. पार जमिनीपर्यंत नवी तार न्यावी लागेल."

"घरमालक खिळा ठोकू देत नाही, तार कसली नेतोस? पाया पडून आले त्याच्या."

"मग मी नाही जोडणार."

"नको जोडू. वीज गेली की ह्यांच्या उशाशी तूच येऊन बस."

आतून दाजींची धाप ऐकू येत होती. त्यानं स्क्रूड्रायव्हरनं सॉकेट पुन्हा बसवला. मग त्यानं इन्व्हर्टरपुढं पाय ठेवायला कोरडी फळी सरकवली आणि प्लग खोचला.

"ओल्या हातानं शिवू नकोस."

"दिवसभर ह्यांना पुसायचं, ह्यांचं धुवायचं," ताई म्हणाली. "माझे हात कोरडे असतात कधी?"