सोडा कोणी लावला

समोरच्या माणसाचं वाक्य पुरं होऊ नये म्हणून तुम्ही कधी त्याच्या तोंडात मारली आहे का?

मी मारली आहे. तीन वर्षं झाली. आईला सांगितलं नाही, सभेतल्या सोबत्यांना सांगितलं नाही. ज्या कागदांवर मी दुसऱ्यांचे गुन्हे नावानिशी छापले, त्यांवर तर एक ओळही नाही. तुम्ही माझं लिखाण वाचत आलात, मला सच्चा समजत आलात — म्हणून तुम्हाला सांगतो.

आमच्या घरात पोथ्यांपेक्षा पत्रकं जास्त. वडील शाळामास्तर, त्यांची ट्रंक पत्रकांनी भरलेली. मी वाचायला शिकलो तेच त्यांवर. बाविसाव्या वर्षी मी नगरला एका मोटार एजन्सीत कारकून होतो. मुंबईच्या कंपनीला इंग्रजीत पत्रं लिहायची, हे माझं काम. उरलेला वेळ चळवळीचा.

एजन्सीच्या आवारात, कडुलिंबाखाली, गेनूमामा बसत. जातीने चांभार. लष्करातल्या घोड्यांची खोगिरं शिवून तयार झालेला हात. आता मोटारींच्या सीटा शिवत. त्यांच्या घरी मी एकदा भाकरी खाल्ली आणि ती गोष्ट पत्रकात छापली. कोणीतरी त्यांना ती वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "भाऊसाहेब, आमच्यात रोज धा मानसं जेवत्यात. त्यांचं बी छापा की एकदा." सगळे हसले. मीही हसलो. पण आतून चिडलो होतो — हे त्या वेळी मला स्वतःलाही कबूल नव्हतं.

लढाई संपून नव्या गाड्या पुन्हा येऊ लागल्या होत्या. राहात्याच्या एका बागायतदाराने आमच्याकडून गाडी घेतली. त्यांना सगळे बापूसाहेब म्हणत. आत तांबूस कातड्याच्या सीटा. कंपनीची वर्षभराची हमी. दीड महिन्यांनी गाडी तपासणीला नगरला आली आणि ती परत पोचवायचं काम मालकांनी मला दिलं. मला गाडी चालवता येत होती. शिवाय राहात्याला आमची सभा होती, वाटेत राहुरी, कोल्हार — पत्रकं डकवायला भिंती चिकार. मी मागच्या सीटवर पत्रकांचे गठ्ठे ठेवले, आणि खळीची बादली.

पत्रकं डकवणाऱ्यांना हे माहीत असेल. उंदीर-झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून आम्ही खळीत मोरचूद घालत असू. राहुरीच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली आणि बादली सीटवर आडवी झाली. कातड्यावर निळसर चिकट थर. मी घाबरलो. कोल्हारला एका धोब्याकडून धुण्याचा सोडा घेतला, गरम पाण्यात कालवला आणि गेनूमामांनी दिलेल्या, सीटांत भरायच्या काथ्याने सीट घासली. काथ्या मी निघताना मागून घेतला होता. "कशाला पायजे?" त्यांनी विचारलं होतं. "बादलीला," म्हटलं होतं. सीट स्वच्छ झाली, ओली चमकली. मला वाटलं, सुटलो.

चौथ्या महिन्यात बापूसाहेब एजन्सीत आले ते ओरडतच. मागची सीट लाकडासारखी कडक झालेली, रंग उडालेला, शिवणीजवळ कातडं तडकून आतला काथ्या वर आलेला. हमीवर बदलून द्या. मालकांनी दाव्याचं पत्र लिहायला मलाच सांगितलं.

आणि मी ते लिहिलं. कसं लिहिलं, विचारा — पत्रकासारखं लिहिलं. मुंबईतले धनदांडगे खेड्यातल्या गिऱ्हाइकाला सडकं कातडं विकतात, लढाईतला उरलेला माल खपवतात, वगैरे. खोटं लिहिताना कुठे अडलो का? नाही. शब्द भराभर येत होते. लिहून झालं तेव्हा मला खरंच कंपनीचा संताप आला होता. स्वतःच्या पापावर स्वतःच संतापण्याची सोय मला इतकी सहज सापडली.

कंपनीने आपला माणूस पाठवला. टोपीवाला, शांत. त्याने सीट बाहेर काढून कडुलिंबाखाली ठेवायला लावली आणि गेनूमामांना शिवण उसवायला सांगितलं. मामांनी रापीने एकेक टाका सोडवला. जखमेवरची पट्टी काढावी तसा. आत, शिवणीच्या घडीत, हिरवट-निळा थर बसला होता. मामांनी तो बोटावर घेतला, वास घेतला.

"कातड्याचा दोष न्हाई साहेब," ते म्हणाले. "ह्याला सोडा लागलाय. आन् काहीतरी निळं."

खरं बोलले. कारागीर होते, कातड्याबद्दल खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. पण बापूसाहेब उसळले. "तुला रे कसं ठाऊक? तूच घासलं असशील."

मालक माझ्याकडे वळले. तपासणीनंतर राहात्याला पोचेपर्यंत गाडी माझ्या ताब्यात होती. "भाऊसाहेब, कोणी धुतली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "गेनूने."

मामा नाही, गेनू.

त्यांना राग आलेला दिसला नाही. चकित झाल्यासारखे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "भाऊसाहेब, काथ्या तर तुमीच माझ्याकडनं —"

मी त्यांच्या तोंडात मारली. पूर्ण ताकदीने. माझा तळवा झणझणला, त्यांचं डोकं झाडाच्या बुंध्यावर आपटलं, ओठ फुटला. "खोटं बोलतोस?" असं मी म्हणालो. हे शब्द माझे आहेत.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण पुढचं मीच तुम्हाला पत्रकातून सांगितलं. बापूसाहेबांनी गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल उचललं. पहिला घाव खांद्यावर. मामा तोल जाऊन सीटवर पडले, सावरायला उजवा हात टेकला, आणि दुसरा घाव त्या हातावर. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तिसरा घावही हातावरच. तोवर त्या हाताचा आकार गेला होता, अंगठ्याजवळून हाड बाहेर आलं होतं. रक्त त्या तडकलेल्या कातड्यात मुरत नव्हतं, वरून ओघळत होतं. मी तिथे दोन हातांवर उभा होतो. हँडल धरू शकलो असतो. बापूसाहेब पन्नाशीचे, जाड. मी तालमीत जाणारा. मी पाहत राहिलो. खरं सांगू? दुसरा घाव पडला तेव्हा मला बरं वाटलं. आता ते वाक्य कोणी पुरं करणार नव्हतं.

कंपनीच्या माणसाने वहीत लिहून घेतलं — स्थानिक कामगाराने सोडा वापरला, हमी लागू नाही — आणि टोपी घातली.

आधी बापूसाहेब हात उगारायला कचरत होते, हे मी पाहिलं होतं. आवारात परका माणूस होता, मी चळवळीवाला होतो. माझ्या थपडेनंतर ते कचरले नाहीत. गरिबांचा कैवारीच मारतो म्हटल्यावर मारायला हरकत कसली?

मी टांग्यात घालून मामांना दवाखान्यात नेलं. तीन बोटं काढावी लागली, उरलेली दोन कायमची वाकली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी काय केलं? पत्रक लिहिलं. 'मोडलेला हात'.

तुम्ही ते वाचलं आहे. चावड्यांवर, शाळांत, बाजारात त्याचं वाचन झालं. बापूसाहेबांच्या दारात लोक जमले, त्यांना महिनाभर राहात्यात फिरणं कठीण झालं. मला हार घातले गेले. त्या पत्रकात बापूसाहेबांविषयी लिहिलेलं सगळं खरं आहे. फक्त माझी थप्पड नाही, आणि दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे: 'या भोळ्या कारागिराने अज्ञानाने कातड्याला सोडा लावला, एवढ्या लहानशा चुकीला ही शिक्षा?'

त्या वाक्याने लोक रडले. त्याच वाक्याने मामांचं काम गेलं. हँडलने एक हात मोडला. डावा उरला होता, बायको सरूबाई शिवायला बसत होती, मामा कापून देत. पण कातडं कोण देणार? मोटारवाल्यांनी दिलं नाही, खोगीरवाल्यांनी दिलं नाही. खेड्यातला माणूस मोटेचं कातडं घेऊन यायचा, नाव ऐकायचा आणि कळवळून म्हणायचा, "अरेरे, ते सोडावाले गेनूबा व्हय?" — आणि पुढच्या दुकानी जायचा. चाळीस वर्षं कातडं हाताळलेल्या माणसाला मी जिल्हाभर अडाणी ठरवलं. दया दाखवून ठरवलं.

मागच्या वर्षी सरूबाई आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. "भाऊसाहेब, तुमच्या कागदानं लई रडवलं लोकान्ला. आता अजून येक काडा. ह्यांनी सोडा लावला न्हवता, एवढंच ल्ह्या."

"मग कोणी लावला, म्हणतात?" मी विचारलं. हेही मी विचारलं.

"त्ये नाव घेत न्हाईत. म्हनत्यात, ज्यानं लावला त्याला ठावं हाय."

काढतो म्हणालो. त्यालाही वर्ष झालं. दोन निवडणुकांची पत्रकं काढली, तीन सभांची काढली, हे काढलं नाही. भीती होती म्हणावं, तर आता ती कमी झालेली नाही. घरी आई होती, चळवळीचं नाव होतं — असलं काही मी पुढे करणार नाही. मी मारली कारण मला पकडलं जायचं नव्हतं, आणि समोरचा माणूस मारलं तरी चालेल असा होता.

मला क्षमा करू नका. तो तुमचा अधिकारही नाही. काम मात्र एक करा. 'मोडलेला हात' तुमच्याकडे असेल तर आज बाहेर काढा. दुसऱ्या पानावरचं ते वाक्य शाईने खोडा आणि वर लिहा: 'सोडा हे लिहिणाऱ्याने लावला. पहिली थप्पडही त्याचीच.' मग तेव्हा ज्यांना ज्यांना वाचून दाखवलं होतं, त्यांना गोळा करा आणि हे मोठ्याने वाचा.