एकट्या माणसाच्या गाडीचं खोगीर

त्या दिशी शेडात आमी एवढी जणं हुतो. मी, माझी नात, तिचं सर, आन् तिच्याबरुबर गाडी करणारी चार पोरं. त्यातला एक लय उंच, त्याला मी लांबड्या म्हणायची. आणखी कोण न्हवतं. शेड म्हंजी सांगलीतल्या नातीच्या इंजिनेरीच्या कॉलेजातलं, पत्र्याचं. माझ्या डोळ्याचं आपरेशन मिरजंला झालेलं, म्हणून आठ-धा दिस नातीच्या खोलीवर राहिलेली. खोलीत एकटी बसून काय करू? नात म्हणली, "आज्जे, चल आमची गाडी बघाय."

गाडी बघितली तर तिला दार न्हाई, छप्पर न्हाई, चाकं उघडी. पुढनं शेळीच्या तोंडागत निमुळती. आन् बसाय जागा एकच.

"एवढी पोरं राबतायसा, आन् बसणार एकच?" मी इचारलं.

"आज्जी, शर्यतीची गाडी हाय ती. ड्रायवर एकटाच असतोय," लांबड्या म्हणला.

"मग बायकू कुठं बसवायची?"

"बायकूपासनं पळायसाठीच केलीया, आज्जी!"

सगळी हसली. नातीनं त्याला पान्यानं टोचलं, कारण गाडी चालवणार तीच हुती.

मग सरांनी काम्पुटरवर एक जुनी शर्यत दावली. मोठी लढाई संपल्यावरची, युरोपातली, काळी-पांढरी. अशाच एकट्या माणसाच्या गाड्या, गावातल्या रस्त्यानं पळत्यात. माणसं चामड्याची टोपी घालून, डोळ्याला चष्मा, पट्टा न्हाई का काय न्हाई. कडंची घरं लढाईत पडल्याली दिसत हुती. वळणावळणाला काय तरी रचून ठेवलेलं.

"त्ये काय हाय वळणावर?"

"वाळल्या गवताचं गठ्ठं, आज्जी. गाडी घसरली तर जोरात आपटू नये म्हणून."

"आवं, चांगला चारा हाय की त्यो! एवढी लढाई झाल्याल्या मुलखात जनावरांनी काय खायाचं?"

सर म्हणलं, ही शर्यत लय जणांना दावली, पर हे कुणी इचारलं न्हवतं.

मी मातुर शेवटपतूर बघितलं. कारण माझं मामंजी, म्हंजी मालकांचं वडील, त्या लढाईत खेचरं सांभाळाय हुतं, इटलीत. लढाई संपल्यावर घरी धाडायच्या आधी त्यांनी तिकडं अशीच शर्यत बघितल्याली. गावात येऊन सांगायचं, "घागर आडवी करून चाकं लावल्यागत गाडी. माणूस छातीपतूर आत, मुंडी तेवढी भाईर." सगळं गाव त्यांना थापाड्या म्हणायचं. एकट्या माणसाला मोटार कोण देतंय? मी बी पदर तोंडात धरून हसायची. त्या दिशी शेडातच हात जोडलं. म्हणलं, "मामंजी, खरं बोलत हुता तुमी."

शर्यत चार दिसांवर आल्याली, शिरवळच्या पुढं, एका कारखान्याच्या मोकळ्या जागंवर. नात अंगानं हलकी आन् वळणाला पक्की, म्हणून सरांनी तिला निवडल्याली. पर दोन दिस तिला चक्कर माराय जास्ती येळ लागाय लागला. सर म्हणलं, "उद्या तू बी चालव, ह्यो बी चालवंल. ज्याचा येळ चांगला त्यो शर्यतीला बसंल." ह्यो म्हंजी लांबड्या. नात म्हणली, "चालंल." तोंडावर काय दावलं न्हाई.

रिक्षातनं खोलीवर येताना बघितलं, पोरगी मागं टेकत न्हाई. माझा जलम मेंढरामागं गेलाय. जनावर पाऊल कसं टाकतंय, कुठं अंग चोरतंय, ह्याकडं डोळा आपसूक जातोय, आपरेशन झाल्याला आसला तरी.

"दुखतंय का गं?"

"काय न्हाई."

ते 'काय न्हाई' माझंच हाय, वारशानं गेलंय. आमचं गाव विट्याच्या पल्याड, कोरडं. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन किस्नाकाठाला उतरायचं, ते मिरगाच्या तोंडाला माघारी. थोरला लेक कराडकडं उसाच्या बांधावर झाला, तिसऱ्या दिशी उठून मी तळाबरुबर चालाय लागले. मधली लेक तापानं गेली, तरी दुसऱ्या दिशी तळ हलवावाच लागला, मेंढरं उपाशी थांबत न्हाईत. कुणी इचारलं तर "काय न्हाई" म्हणायचं आन् डोक्यावर गठुडं घ्यायचं.

एका वरसाला मीच घोडीवर खोगीर वाकडं कसलं. वर भांडी, पालाचं कापड, कोकरं. पंधरा दिसांत घोडीची पाठ फुटली. लोणंदपतूर सगळं वझं आमी माणसांनी डोक्यावर वाहिलं. मामंजी रागं भरलं न्हाईत. त्यांनी घोडीच्या पाठीवर चुलीतली राख पसरली, खोगीर ठिवलं, शंभर पावलं चालवलं आन् उचललं. खोगिराला जिथं राख दाबून बसल्याली, तिथं घोडीला लागत हुतं. म्हणलं, "पोरी, घोडी सांगत न्हाई. खोगीर सांगतंय. आन् जिथं लागतंय तिथं लोकर भरू नगंस, आणखी दाबंल. भवतीनं भर, म्हंजी लागलेली जागा अधांतरी राहतीया." फौजेत खेचरांसंगं शिकल्यालं ते.

सकाळी नात आंघुळीला निघाली तवा मी मागनं तिचा शर्ट वर केला.

"आज्जे! काय करतीस!"

पाठीच्या कण्यावर दोन जागी आन् फऱ्यावर, खांद्यामागच्या हाडावर, एका जागी कातडं गेल्यालं, लालभडक. नेमकं त्यावरच तिनं टॉवेलाची घडी बांधल्याली, ती खाली सरकल्याली.

"सांगितलंस का न्हाईस?"

"सांगून काय? शीट त्या तुझ्या लांबड्याच्या पाठीवर केलंया. आधी त्योच बसणार हुता, मी मागनं आले. आता नवं शीट कराय दिस न्हाईत. सांगितलं तर त्याला बसवत्यात, आन् वर म्हणत्यात, पोरीला झेपत न्हाई." मग म्हणली, "वरीसभर राबलेय, आज्जे."

"बरं, तू नगं सांगूस," मी म्हणलं. "शीट सांगंल."

शेडात गेलो. राख कुठली तिथं? माझ्या पिशवीत देवाचा भंडारा हुता, हाळद. तोच मूठभर शिटावर पसरला. झालं! पोरांना वाटलं आज्जी पूजा करतीया. एकानं टोपी काढली. लांबड्यानं चपला काढून शिटाफुडं डोकं टेकलं, कपाळाला भंडारा लावला आन् वराडला, "येळकोट येळकोट!"

"उठ मुडद्या," म्हणलं, "पूजा न्हाई, माप हाय ते! हात लावून पुसलंस की समदं."

परत पसरला. नातीला शर्यतीच्या निळ्या कापडात बसवलं, मैदानाला एक चक्कर माराय लावली. उतरली तवा पाठीवर तीन पिवळं ठिपकं, बाकी सगळं कोरं. "आता तू बस," लांबड्याला म्हणलं. त्यो चक्कर मारून आला तर मानंपासनं कमरंपतूर सारखा पिवळा, हाळदी लागल्याला नवरदेव जणू.

सर कवा नातीकडं बघत, कवा शिटाकडं. शेवटी लांबड्याच म्हणला, "म्हंजी माझ्या मापाच्या शिटात ही तीन टोकांवर बसून पळवतीया, आन् आपण हिलाच बोलतोय व्हय?"

नातीनं मान खाली घातली. सर म्हणलं, "लागलंय का?" ती म्हणली, "व्हय." पहिल्यांदाच म्हणली.

"नवं शीट आता व्हायचं न्हाई," सर म्हणलं.

"नवं कशाला? लोकर आणा."

"सांगलीत लोकर कुठं, आज्जी?"

"ऊस तुटल्याल्या फडात."

लांबड्याच्या मोटारसायकलीवर बसून गेलो. त्याचं शर्यतीतलं बसणं जाणार हे त्याला कळलं हुतं, तरी त्योच आला. नदीकडंला एका मोकळ्या रानात मेंढरं खतासाठी बसवल्याली. तिथली बाई मला बघून म्हणली, "आवं मावशी, मोटारसायकलीवर कुठनं?"

"नातीला खोगीर करायचंय, लोकर दी वाईच."

"नातीला? लगीन लावायचं सोडून खोगीर घालताय व्हय?" आन् हसत हसत पोतंच दिलं. "न्ह्या सगळी. हल्ली कोण इचारतंय लोकरीला, टाकूनच देतोय."

शेडात एका पोराला काळजी, लोकर पेटली तर? मी काडी वढली, बुचकाभर लोकरीला लावली. केस जळल्यागत वास सुटला, टोक काळं झालं आन् आपलं आपणच इझलं. "बघ," म्हणलं. तरी बी सरांनी वरनं त्यांच्यातलं आग न लागणारं कापड दिलं. मी दाभणानं शिवाय बसले. पोरं म्हणायची, "आज्जी, दुखतंय तिथं भरा की!" मी भवतीनं भरत गेले. दोनदा बसवलं, दोनदा उसवलं.

तिसऱ्यांदा नात बसली, मागं टेकली आन् डोळं मिटून म्हणली, "आता कुठंच न्हाई लागत."

त्या सांजंला ती पळाली. सरांनी घड्याळ बघितलं. लांबड्याच्या आठवड्यातल्या सगळ्यात चांगल्या येळंपेक्षा कमी. लांबड्या म्हणला, "सर, माझी परीक्षा आता घिऊ नका, ह्या खोगिरात माझं गुडघं कानाला लागत्यात." सर म्हणलं, "हीच बसंल."

शिरवळला मला बी न्हेलं. तपासणाऱ्या सायबानं शिटाला हात लावून इचारलं, "हे काय आहे?"

"खोगीर," लांबड्या छाती काढून म्हणला.

सायबानं चिमटून बघितलं, हलतंय का बघितलं, आन् हुं म्हणला. आमचा पहिला नंबर आला न्हाई, दुसरा बी न्हाई. किती गाड्या मधीच बंद पडल्या, एकीचं चाकच निघालं. आमची शेवटपतूर पळाली. नात उतरली तवा तोंड काळं, दात तेवढं पांढरं. पोरांनी उचलून घेतली. खाली ठिवल्या ठिवल्या मी तिला गाडीच्या आडोशाला न्हेऊन शर्ट वर केला.

"आज्जे, लोकं बघत्यात!"

"बघू देत." तिन्ही जागा कोरड्या हुत्या, खपली धरल्याली. चौथी न्हवती.

तर वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं हाय. तुमच्या घरची पोरगी कशात मागं पडत आसंल, तर तिला बोलायच्या आधी ती कुणाच्या मापाच्या जाग्यावर बसलीया ते बघा. आन् दुखतंय का, असं नुसतं इचारू नगा, ती न्हाईच म्हणंल. पाठ बघा.