पाचवं शील

आमच्या विहाराची किल्ली जाईमामीच्या कमरेला असायची. ती कुणी तिला रीतसर दिली नव्हती. बेंबळीच्या अलीकडचं आमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीतली माणसं विहिरी खोदायच्या कामावर जायची. परतताना प्रत्येकानं डोक्यावर एक दगड आणायचा, असं माझ्या मामानं, म्हणजे श्रीपतीनं, ठरवलं. पोटात मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी असायची, तीही अर्धी, तरी दगड यायचा. त्याच दगडांच्या भिंती उभ्या राहिल्या. दार बसल्यावर झाडलोट कोण करणार हा प्रश्न निघाला, तेव्हा मामी खराटा घेऊन आत गेली. किल्ली तिच्याकडे राहिली ती राहिलीच.

किल्लीबरोबर वस्तीची भांडणंही तिच्याकडे आली. एखाद्याचं दुसऱ्याशी वाजलं की तो त्या दुसऱ्याशी बोलायचा नाही, मामीच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. मामी ज्वारी निवडत ऐकायची. ऐकवणारा हलका होऊन घरी जायचा आणि त्याचं ओझं मामीच्या छातीवर बसायचं. विजेच्या जोडणीत भार वाढला की सगळ्यात बारीक तार आधी तापते. आमच्या वस्तीत ती तार मामी होती. ती तापते आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिच्या जिवावर बाकी सगळ्यांचे दिवे नीट चालू होते.

मामा सोसायटीच्या गोदामात हमाल होता. रविवारी मात्र पांढरा सदरा घालून तो पुढं बसायचा आणि वंदना घ्यायचा. तो म्हणायचा, मागून सगळी वस्ती म्हणायची. त्याचा आवाज भरदार होता. लहान पोरंही त्या आवाजाच्या आधारानं पाली शब्द न अडखळता म्हणून जायची.

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात तो आवाज अडखळायला लागला. दुसरं शील झालं की मामा चौथ्यावर जायचा. एका मयतीला गेलेला असताना तिथं तो हसला, आणि त्याला हसू आवरेना. विहाराच्या भिंतीशी, बायका समोर असताना, लघवीला उभा राहिला. गोदामात पोतं उचलताना त्याचा तोल जायचा. जीभ जड झाली होती. चिडला तर अशा शिव्या द्यायचा की मामीनं त्या लग्नानंतर कधी ऐकल्या नव्हत्या.

गावातला किराणा दुकानदार महालिंगप्पा भला माणूस होता. त्यानं मामीला बाजूला घेऊन सांगितलं की ह्यांना बाहेरचं काहीतरी लागलंय, एकदा दाखवून आणा. मामीनं ते विहारात सांगितलं तेव्हा लोकांना राग आला. छप्पन सालानंतर आपण देव्हारे काढून टाकले, अंगात येणं सोडलं, भूत मानणं सोडलं. मग आता ह्या एका माणसापायी पुन्हा त्या वाटेला जायचं का? सगळ्यांचं म्हणणं पडलं, नाही. ते बरोबरच होतं.

पण भूत वजा केल्यावर त्यांच्याकडे एकच कारण उरलं. जीभ जड, तोल जातो, शिव्या देतो, लाज सोडली. पाच शिलांतलं शेवटचं शील दारूचं. ते मोडलेला माणूस कसा दिसतो हे सगळ्यांना माहीत होतं. आजार हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही, कारण आजार म्हणजे ताप, खोकला, हगवण. वागणं कसं आजारी पडेल?

सगळ्यात पक्की खात्री होती व्यंकटची. व्यंकट विहाराचा सचिव, शाळेत मास्तर. त्याचा बाप आबाराव दारूत गेला होता. बाप पिऊन पडला की श्रीपतीमामा व्यंकटला आपल्या घरी आणून जेवू घालायचा. पहिली पाटीही मामानंच त्याला घेऊन दिली. आता तोच माणूस झुलत चालताना दिसला की व्यंकटला त्याच्या जागी आपला बाप दिसायचा. तो मामासमोर कधी गेला नाही. जे बोलायचं ते माझ्या आईमार्फत मामीला सांगायचा. माझी आई भिमाबाई मामाची विधवा बहीण, शेजारीच राहायची. मामीचं उत्तर घेऊन आई व्यंकटकडे जायची. अशा फेऱ्या चालायच्या. ज्याच्याविषयी हे चालायचं तो मामा अंगणात बसून एकाच खड्याकडे बघत असायचा.

आईनं एकदा भाऊ झोपलेला असताना त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"काय न्हाय येत," ती मामीला म्हणाली. "वास न येणारी मिळत असंल आता."

मामीला हसू आलं. नंतर मात्र तीही रोज वास घेऊ लागली.

पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमा जवळ आली तेव्हा निरोप आला. श्रीपतदादांनी सगळ्यांसमोर चूक कबूल करावी आणि पाचवं शील नव्यानं घ्यावं, नाहीतर पुढं बसू नये. आमच्यात ही पद्धत होती. चुकलेला माणूस उभा राहून चूक सांगायचा, शील घ्यायचा आणि वस्ती त्याला पोटात घ्यायची. त्यानंतर त्या चुकीचं नाव कुणी काढायचं नाही. बऱ्याच घरांचं त्या पद्धतीनं भलं झालं होतं.

मामी त्या दिवसांत जेवत नव्हती. तिला दोनच रस्ते दिसत होते. नवरा प्यायला नाही म्हणावं, तर तो वेडा ठरतो, आणि वेड्याचं काय करायचं हे वस्तीला माहीत नव्हतं. प्यायला म्हणावं, तर तो माफ होतो. विहार हेच तिचं माहेर होतं आणि सासरही. तिनं मामाला अंघोळ घातली, सदरा चढवला आणि त्याची गुंडी लावता लावता म्हणाली,

"एकडाव म्हणा, म्या पिलो म्हणून."

"म्या पिलो का?"

"न्हाय."

"मग?"

"तरी म्हणा. माझ्यासाठी म्हणा."

मामा म्हणाला. सगळ्या वस्तीसमोर उभा राहून, तिनं शिकवलं तसंच म्हणाला, आणि पाचवं शील एका दमात, न चुकता घेतलं. व्यंकट रडला. कितीतरी महिन्यांनी तो मामाजवळ गेला आणि त्यानं पायाला हात लावला. त्या संध्याकाळी मामीच्या उंबऱ्यावर कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं नाही. सगळ्यांना शांत झोप लागली असणार.

त्यानंतर मामा झुलला की लोक फक्त मान हलवायचे. पुन्हा लागला, म्हणायचे. डॉक्टरकडे न्यायचं कुणाला सुचायचं कारण नव्हतं. दारूचं औषध निश्चय, आणि निश्चय तर झालेला होता. मला सोलापूरला आईनं कळवलं तेही एवढंच, की मामाची सुटत नाही.

पावसाळा संपता संपता मामाला गोदामात झटका आला. हातपाय ताठले, तोंडाला फेस आला. तेव्हा कुठं त्याला सोलापूरला आणलं. मी तिथल्या रुग्णालयात मेंदूचा आलेख काढणाऱ्या यंत्रावर नुकताच लागलो होतो. मामाच्या डोक्याला तारा मीच लावल्या. कागद सरकू लागला. डोक्याच्या मागच्या भागातल्या लहरी बऱ्यापैकी चालल्या होत्या. कपाळाकडच्या तारांवर मात्र त्या मोठ्या, संथ, थकलेल्या उठत होत्या. काय बोलावं, कुठं हसू नये, कुणासमोर थांबावं, हे सांभाळणारा मेंदूचा भाग कपाळामागं असतो. पुढं पुण्याला काढलेल्या चित्रात तिथं गाठ दिसली. सावकाश, कित्येक वर्षं वाढलेली. तिथले डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आणलं असतं तर काढून बघितली असती. आता हात लावला तर माणूस टेबलावरून उठायचा नाही.

मामीनं मला दोनदा विचारलं, दारूनं होती का ही गाठ? मी नाही म्हणालो. ती म्हणाली, मग हे मला विहारात सांगायचंय. आपला माणूस जाणार हे तिला कळलं होतं. तो दारुडा म्हणून जाऊ नये, एवढंच तिला आता हवं होतं.

रविवारी वंदना झाल्यावर ती उभी राहिली. मामा भिंतीला टेकून बसला होता. ती म्हणाली की ह्यांनी कधी थेंब घेतला नाही, हा मेंदूचा आजार आहे, माझा भाचा सांगेल. मी सांगितलं. हातानं कपाळ दाखवलं, गाठ मुठीएवढी आहे म्हणालो. लोकांनी शांतपणे ऐकलं. आमची माणसं शिकलेल्या पोराचं फार मन लावून ऐकतात.

व्यंकट उठून उभा राहिला. मग म्हणाला,

"वैनी, दादा स्वतः म्हणाले होते. हितंच, ह्या जागेवर."

"म्या म्हणायला लावलं."

"तुम्ही त्यांची लाज झाकताय, वैनी. झाका. आमी कुणी वाईट म्हणणार न्हाय. ते शील त्यांनी आमच्यासमोर घेतलंय, त्या दिवशी सगळं मिटलं."

तो मनापासून बोलत होता. मामाला दारुडा ठरवून माफ करताना त्यानं आपल्या बापालाही माफ केलं होतं, असं मला आज वाटतं. ती माफी परत घेणं त्याच्या हातात नव्हतं. मामी उभीच होती. मामाच्या कानावर शील हा शब्द पडला असावा. त्यानं मान वर केली आणि पाचवं शील म्हटलं. बाकी सगळं तो विसरला होता, एवढंच उरलं होतं. आवाज जुन्यासारखा भरदार लागला. सवयीनं मागून साऱ्या वस्तीनं ते म्हटलं.

मग माणसं उठली. जाता जाता एकेकानं मामाच्या खांद्यावर हात ठेवला. मामीनं दाराला कुलूप घातलं. माझी आई तिच्याजवळ गेली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मायेनं म्हणाली,

"वैनी, रडू नगा. पण एक सांगू का? दारूनंच झाली असंल गाठ."

मामीनं किल्ली कमरेला खोचली. मामाचा हात धरला आणि घराकडे चालू लागली.